तात्यांची पोथी आणि नीरेचे पाणी

मी नीरेत उडी मारली नव्हती. माझ्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या गौरवग्रंथात एका उत्साही लेखकाने मला ती मारायला लावली आहे. सांगवीच्या घाटावरून, अंगावरच्या कपड्यांनिशी, वाहत चाललेल्या पोथीमागे. पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख होणाऱ्या मुलाच्या आयुष्यात असा एखादा प्रसंग असायलाच हवा, असे त्यांना वाटले असावे. मी त्यांना तेव्हाच कळवले की कार्तिकात सांगवीजवळ नीरेला गुडघाभर पाणी असते, बाकीचे वरच्या अंगाला कालव्याने ओढून घेतलेले असते, आणि त्यात वरून उडी घेणाऱ्याचे गुडघे फुटतील, पोथी हाती लागणार नाही. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या आवृत्तीत पाणी छातीपर्यंत आणले.

सांगवीच्या वाचनालयावर जो फलक आहे, त्याची गोष्ट निराळी. गावची हस्तलिखित पोथी गावातले बडे बागाईतदार बापूराव यांच्या प्रेरणेने बुडण्यापासून वाचली, असे त्यावर कोरले आहे. फलक बापूरावांच्या नातवाने स्वखर्चाने बसवला असल्यामुळे त्यातल्या मजकुरावर गावात कोणी बोलत नाही. तिसरे म्हणणे पुण्यातल्या एका विद्वानांचे. त्यांच्या मते त्या पोथीतला जन्माध्याय छापील प्रतीशी जुळत नाही, त्याची पाने उघडच अलीकडची आहेत, आणि ती माझ्या अक्षरात असल्यामुळे त्यांतला मजकूरही माझाच असला पाहिजे. तिघांपैकी मी या तिसऱ्या गृहस्थांना अधिक मान देतो, कारण त्यांनी निदान पोथी उघडून पाहिली. तिघांनाही एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हे प्रकरण लिहीत आहे.

आमच्या घराचे कर्ते तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी पाळण्यात असताना गेले, आणि त्यानंतर मी तात्यांचाच मुलगा म्हणून वाढलो. आई आणि काकू यांनी घर वाटून घेतले होते: चूल काकूंची, जाते आईचे. त्यामुळे माझी पहाट जात्याच्या घरघरीने उजाडे आणि चुलीतल्या पाचटाच्या धुराने पुरी होई. जमीन कालव्याखालची. मुख्य पीक उसाचे. बांधाच्या कडेने वांगी, घेवडा, मिरच्या आणि कांद्याचे वाफे. दुपारच्या भाकरीबरोबर त्याच वाफ्यातली कांद्याची पात असे, आणि गुऱ्हाळ लागले की ताटात काकवीची वाटी वाढली जाई. काकूंच्या मते काकवी ही भाकरीवर घ्यायची वस्तू होती, तात्यांच्या मते भाकरी ही काकवीत बुडवायची. या मतभेदावर त्यांचा संसार सुखाने चालला. रात्रंदिवस कानांवर पडणारा आवाज एकच, कालव्याच्या दारातून पाटात पडणाऱ्या पाण्याचा. तो बंद झाला की आम्ही झोपेतून जागे होत असू.

तात्या शेतकरी होते आणि गावचे पोथी वाचणारे होते. यातले मोठे कोणते, हे त्यांना कोणी विचारले नाही. श्रावणापासून कार्तिकापर्यंत मुरलीधराच्या देवळात रोज सायंकाळी ते कृष्णकथेची ओवीबद्ध पोथी वाचत. पोथी हातकागदावर बोरूने लिहिलेली, दोन्ही कडांना लाल पट्ट्या, सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती लोकरीच्या धाबळीचे फडके. अक्षरे जुन्या वळणाची आणि शब्द एकमेकांना चिकटवून लिहिलेले, त्यामुळे ती तात्यांवाचून कोणाला वाचता येत नसे. प्रत्येक ओवीचा शेवटचा चरण ते लांबवत, आणि त्या लांबलेल्या स्वरात बायका आपली लेकरे मांडीवर थोपटून घेत.

या पोथीचा घात जर कशाने केला असेल, तर तो प्रेमाने. अष्टमीला जन्माध्याय वाचून झाला की त्याची पाने पाळण्यात ठेवत. गावातली प्रत्येक बाई त्यांना हळदकुंकू लावी, लोण्याचे बोट टेकवी, गुळाचा खडा ठेवी. अध्याय वाचत असताना ठरावीक जागी बायका ऊन पाण्याचे तांबे घेऊन पुढे येत, आणि ते पाणी पाळण्याखाली ओतीत. किती पिढ्या हे चालले होते, कोण जाणे. परिणाम असा की ज्या अध्यायांकडे कोणाचे लक्ष नव्हते ते राक्षसांचे आणि वंशावळींचे अध्याय आज लिहिल्यासारखे करकरीत होते, आणि जन्माध्यायाचा भुगा झाला होता. पुढे देशाच्या ग्रंथालयात मी हेच पाहिले. लोकांना जे पान आवडते तेच आधी जाते. जे शेवटपर्यंत सुस्थितीत राहते, त्याच्या आधारे आम्ही इतिहासकार मग त्या लोकांना काय आवडत होते ते ठरवतो.

मी त्या वेळी बारामतीला मॅट्रिकच्या वर्गात होतो. राहायला जागा म्हणजे तात्यांचा गूळ ज्या आडत्याकडे जाई, त्याच्या दुकानाचा माळा. खाली ढेपांच्या थप्प्या, सकाळपासून सौद्यांचा गलका, आणि अंगाला, अंथरुणाला, पुस्तकांना गुळाचा वास. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला मुंग्या लागत, हे मी सांगितले की ऐकणाऱ्यांना अलंकार वाटतो. तो अलंकार नव्हे. इतिहास शिकवणारे कानडे मास्तर यांनी आम्हाला एक सवय लावली होती. जुनी हस्तलिखित पोथी हाती आली तर आधी शेवटचे पान पाहावे, कारण लिहिणारा स्वतःबद्दल जे बोलतो ते तिथेच बोलतो. आमच्या पोथीच्या शेवटी एक संस्कृत श्लोक होता. तात्या तो दर वर्षी समाप्तीला मोठ्याने म्हणत आणि सगळे हात जोडत. त्याचा अर्थ मला मास्तरांनी सांगितला. लिहिणाऱ्याने पोथीच्या तोंडून मागणे केले होते: तेलापासून मला राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा गावाने पोथी बुडवायचे ठरवलेले होते. परगावच्या वाचकांना हे क्रूर वाटेल. आमच्याकडे ते क्रूर नव्हते. मूर्ती भंगली की तिची पूजा चालत नाही, ती नदीला द्यावी लागते. तसेच पोथीचे. खंडित पोथी वाचू नये, घरात ठेवू नये, टाकू तर नयेच. तिला पालखीत घालून वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडावी. बापूरावांनी त्या वर्षी गावात पहिला ट्रॅक्टर आणला होता, ऊसही उत्तम आला होता, आणि त्या आनंदात त्यांनी मुंबईहून त्याच कथेची छापील पोथी आणवून देवळाला दिली होती. जाड कागद, सोनेरी कडा, सुटे सुटे शब्द. ती कोणालाही वाचता आली असती. बापूरावांचा मॅट्रिक झालेला मुलगा तर ती घडाघडा वाचून दाखवीतच असे. जुनी पोथी गेली की तात्यांचे आसनही जाणार होते. हे तात्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवले नाही.

माझ्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण मी त्या देवळात केले आणि ते पूर्णपणे फसले. गौरवग्रंथात मात्र ते यशस्वी झाले आहे. वाचन संपल्यावर पुनवेच्या मिरवणुकीची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी उठलो, तो श्लोक म्हटला, त्याचा अर्थ सांगितला, आणि म्हणालो की पोथी स्वतःच दर वर्षी आपल्याला बजावते, पाण्यापासून राखा, आणि आपण तिला पाण्यात घालायला निघालो आहोत. मला वाटले, जिंकलो. मग बापूरावांची आई बायजाबाई खांबाला टेकून बसली होती, ती म्हणाली,

"आरं लेकरा, नीरामाई काय पाणी हाय व्हय? पाणी म्हंजी छपरातनं गळतं ती."

सगळे देऊळ हसले. बापूरावांनी हसण्याला वाट करून दिली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तात्याचा पुतण्या शिकतुया, चांगलं हाय. पर खंडित ती खंडित."

"आणि खंडित नसली तर?" मी विचारले.

"मग पुरी करून दाव की. पुनवेला पालखी निघायच्या आत सबंध वाचून दावली, तर न्हाय बुडवत. आन न्हाय जमलं, तर पालखीत तूच ठिवायची, तुज्या हातानं."

फलकावर कोरलेली बापूरावांची प्रेरणा ती हीच. तिचे जेवढे श्रेय होते तेवढे मी इथे दिले आहे.

घरी येताना तात्यांनी मला एवढेच सांगितले की मेलेले माणूस घरात ठेवत नाहीत, त्याची वेळ झाली की न्यावे लागते. मी म्हणालो की पोथी मेलेली नाही, आजारी आहे. त्यावर त्यांनी विचारले, "डाक्टर हायस का?" आणि पुढे चालू लागले. काकूंनी ताटावर बसल्या बसल्या सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाल्या की चार बुके शिकल्यावर माणसाने देवळात उभे राहून बोलू नये, बसून बोलावे. उभा राहिला की त्याला पाडायला सोपे जाते. विद्यापीठांच्या सभांमध्ये हा सल्ला मी अनेकदा विसरलो आणि अनेकदा पडलो.

पोथी पुरी करायची म्हणजे गेलेला जन्माध्याय कोठून तरी मिळवायचा. पहिला विचार छापील प्रतीचा आला, तो सोपाही होता. मी ती बापूरावांकडून मागून आणली. त्यांनी ती दिलीही, आणि वर हात धुऊन धर म्हणून बजावले. गेलेल्या पानांच्या आधीची शेवटची ओवी आणि नंतरची पहिली ओवी आमच्या पोथीत शाबूत होत्या. छापील अध्याय त्या दोन ओव्यांमध्ये बसेना. आधीची ओवी जिथे संपत होती तिथून छापील मजकूर सुरू होत नव्हता, आणि जिथे तो संपत होता तिथून पुढची सुरू होत नव्हती. भुग्यातून जे थोडे तुकडे हाती लागण्यासारखे उरले होते, त्यांवरचे अर्धेमुर्धे चरणही छापील ओळींशी जुळत नव्हते. कथा एक, पाठ दोन. हे मला त्या दिवशी कळले, आणि मी इतिहासकार झालो तो त्या दिवशी, असे कोणी लिहिणार असेल तर माझी हरकत नाही.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात वरकुट्याला दिलेली होती. तिच्या सासरच्या गावी अशीच जुनी पोथी आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बारामतीहून एस.टी. धरून मी इंदापूरला गेलो आणि तिथून मिळेल त्या बैलगाडीने वरकुट्याला पोहोचलो. आत्याने आधी पाय धुवायला पाणी दिले, मग शेवेचे लाडू पुढे ठेवले, आणि पोथीचे नाव काढताच तिचा चेहरा फुलला.

"आमची? आमची दोन वरसाखाली बुडवली की. काय मिरवणूक झाली म्हनून सांगू तुला, ताशा लावला हुता. सबंद गावाला बुंदी."

मी विचारले, कोणी उतरवून ठेवली का? आत्याला प्रश्नच कळला नाही. ज्या दिवशी गावातले सगळ्यांत पूज्य माणूस सन्मानाने गेले त्या दिवसाची ती हकिगत सांगत होती, आणि मी विचारत होतो की त्याचे माप घेऊन ठेवले होते का. मी आणखी एक लाडू खाल्ला आणि परत आलो. ज्या थोर संस्थेचा मी पुढे प्रमुख झालो तिथे वाळवी, ओल, उंदीर आणि बेफिकिरी या ग्रंथांच्या चार शत्रूंविरुद्ध आम्ही पुष्कळ पैसा खर्च केला. पाचवा शत्रू भक्ती. त्याच्यावर औषध नाही, कारण ग्रंथ इतकी वर्षे टिकतो तोही तिच्यामुळेच.

आता उरले होते तात्या. सबंध जन्माध्याय त्यांना पाठ होता. गेली काही वर्षे भुगा झालेल्या पानांवर नुसती नजर ठेवून ते तो म्हणतच आले होते. पण त्यांना समोर बसवून लिहून घेणे शक्य नव्हते. एक तर मेलेल्या पोथीसाठी त्यांना ते करायचे नव्हते. दुसरे म्हणजे बसून त्यांना ओवी येतच नसे. देवळातल्या आसनावर येई, नाहीतर शेतात दारे धरताना येई, म्हणजे पाटाचे पाणी फावड्याने एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवीत असताना. एरवी तोंडाने चार चरण निघाले की ते अडखळत. हे मी जन्मापासून पाहत आलो होतो, म्हणून पुढची युक्ती मला सुचली. ती काकूंची होती, असे आमच्या घराण्यात सांगतात. ती माझी होती.

कालव्याच्या पाण्याची आमची पाळी होती. तात्या उसात दारे धरत होते. मी छापील पोथी घेऊन बांधावर बसलो आणि जन्माध्याय मोठ्याने वाचू लागलो, तात्यांच्याच चालीवर. बराच वेळ उसातून फक्त फावड्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"काय वाचतूस?"

"जन्माध्याय."

"न्हाय. देवकी तसं बोलत न्हाय."

"इथे छापले आहे तसे."

"छापलं आसंल. ती बोलत न्हाय तसं." फावडे पुन्हा चालू झाले, आणि त्याच्या तालावर तात्यांनी देवकी कशी बोलते ते म्हणायला सुरुवात केली. मी छापील पोथी मिटली, गुडघ्यावर फळी घेतली आणि लिहू लागलो.

हे पुढे पाळी संपेपर्यंत चालले. ते सरीतून पुढे सरकत आणि मी बांधावरून त्यांच्या बरोबरीने सरकत असे. ऊस उंच होता, माणूस दिसत नसे, फक्त आवाज येई. एखादा चरण निसटला आणि मी "पुन्हा" म्हणालो की आफत होई, कारण तात्यांना मधूनच मागे जाता येत नसे. मागे जायचे तर अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून. ते रागवत नसत, पहिल्यापासून सुरू करत आणि पाणी तोवर नको त्या सरीत जाई. त्या वर्षी उसाच्या एका कोपऱ्याला दोनदा पाणी मिळाले आणि दुसरा कोपरा कोरडा राहिला, यावरून काकूंनी आम्हा दोघांनाही बोलून घेतले. घरी आल्यावर मी लिहिलेला मजकूर भुग्यातून उरलेल्या तुकड्यांवर ताडून पाही. जिथे तुकड्यावर अर्धा चरण होता तिथे तात्यांचा चरण बरोबर बसे. एकही तुकडा विरुद्ध गेला नाही.

या अध्यायात छापील प्रतीत नसलेल्या काही ओव्या होत्या. देवकी बाळंत होते तेव्हा बंदिशाळेच्या पहारेकऱ्याची बायको ऊन पाण्याची घागर घेऊन येते, नवऱ्याला बाजूला सारते, बाळाला न्हाऊ घालते आणि कोणाला काही न सांगता निघून जाते. पुण्याच्या विद्वानांचा मुख्य आक्षेप याच ओव्यांवर आहे. अशी बाई कोणत्याही ज्ञात प्रतीत नाही, आणि तिची कल्पना आधुनिक वाटते, असे ते लिहितात. बारामतीच्या पेठेतून आणलेल्या जाड कागदाची पाने मी पोथीच्या मापाने कापली होती, कडांना लाल पट्ट्या ओढल्या होत्या, आणि तात्यांनी जशी सांगितली तशी ती बाई त्यांत लिहिली होती. मी सतरा वर्षांचा होतो आणि गुळाच्या माळ्यावर राहत होतो. बाळंतपणात काय लागते, हे मला ठाऊकही नव्हते.

पुनवेला सकाळपासूनच देऊळ भरले. पालखी झेंडूच्या माळांनी सजवून दारात ठेवली होती, मागच्या बाजूला लापशी शिजत होती, ताशेवाले येऊन बसले होते. सगळा सरंजाम पोथीच्या अंत्ययात्रेचा होता, आणि ती अजून आसनावर होती. एरवी रोज थोडीथोडी वाचायची पोथी तात्यांनी त्या दिवशी एका बैठकीत पुरी करायची म्हणून वाचायला घेतली. बापूराव शेजारी छापील प्रत मांडीवर घेऊन बोटाने ओळीमागून ओळ तपासत होते. जन्माध्याय आला, माझी पाने आली. तात्यांनी ती उचलून कपाळाला लावली आणि वाचू लागले. बापूरावांचे बोट थोडा वेळ धडपडले. पहारेकऱ्याची बायको घागर घेऊन आली तेव्हा ते थांबले.

"तात्या, जरा दमानं. ही बाई ह्यात न्हाय."

"तुमच्यात न्हाय, म्हंजी छापणाराच्या हातनं पडली आसंल."

"छापणारा शिकल्याला मानूस आसतो. का ह्या वसंतानं घातली पदरची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बोलायला उठणार होतो. मग काकूंचे आठवले आणि बसूनच राहिलो. माझ्या आयुष्यात न बोलून मी जिंकलेला तो एकमेव वाद असेल, आणि तोही मी जिंकला नाही. बायजाबाई बोलली.

"बापू, मी लगीन करून हितं आले तवापासनं दर अष्टमीला ऊन पाण्याचा तांब्या घिऊन येती. माजी सासू यायची, तिची सासू यायची. ती बाई न्हाय, तर आमी कुणाचं पाणी आणतो रं?"

बापूरावांनी छापील पोथी मिटली, कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. ते आडदांड असतील, खोटे नव्हते. ही गोष्ट त्यांच्या नातवाने फलकावर कोरली असती तर मी स्वतः नारळ फोडायला गेलो असतो. तात्यांनी अध्याय पुरा केला, मग शेवटपर्यंत वाचन केले, मग तो श्लोक म्हटला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पाण्यापासून राखा या शब्दांवर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुढचा शब्द नेहमीसारखाच लांबवला.

पोथी खंडित नव्हती. पण पालखी सजलेली होती, लापशी शिजलेली होती, आणि देवाच्या नावाने निघालेली मिरवणूक रिकामी नेता येत नाही. लोक कुजबुजू लागले. तेव्हा तात्यांनी आसनाशेजारचे पांढरे फडके पुढे ओढले. त्यात जन्माध्यायाचे ते जुने तुकडे बांधलेले होते. त्यांनी ते उचलले आणि मी त्यावर हात ठेवला. त्यांची किंमत मला तेव्हाही कळत होती, ती मला पुढे शिकावी लागलेली नाही. मी म्हणालो, तात्या, हे राहू द्या, उद्या कोणी विचारले तर दाखवायला हेच आहेत.

"पुरी पोथी ठिवून घेतलीस," तात्या म्हणाले. "आता ह्ये त्येचं त्येला जाऊ दी. दोनी न्हाय मिळायची, वसंता."

ते हळू आवाजात बोलले, आणि त्यांनी फडके ओढून घेतले नाही. माझा हात निघेपर्यंत ते तसेच धरून उभे राहिले. मग ते टोपलीत ठेवले, टोपली पालखीत गेली, आणि ताशा सुरू झाला. नदीवर त्यांनी टोपलीची एक कड मला धरायला लावली. आम्ही दोघे नीरेत उतरलो. पाणी गुडघ्यांपर्यंत होते. तुकडे हळदीने पिवळे झालेले, ते थोडे तरंगले, मग ओले होऊन खाली गेले. मी नीरेत उतरलो एवढे त्या गौरवग्रंथातले खरे आहे. वाचवायला उतरलो नव्हतो, सोडायला उतरलो होतो.

मॅट्रिकनंतर मला ऊस सोसायटीत कारकून म्हणून चिकटवायचे तात्यांनी ठरवून ठेवले होते. त्याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पुण्याला कॉलेजात निघालो, तेव्हा त्यांनी माझी ट्रंक बारामतीच्या छोट्या रुळांच्या गाडीत चढवली, दौंडला गाडी बदलायची म्हणून तीनतीनदा सांगितले, आणि शिटी झाल्यावर खिडकीशी येऊन विचारले, "तितं पोथ्या बुडवत न्हाईत ना?" मी म्हणालो, नाही. "मग जा," ते म्हणाले. माझ्या सगळ्या नेमणुकांपैकी मी त्याच नेमणुकीला मानतो. ग्रंथालयाचा प्रमुख झाल्यावर मी पहिला जो हुकूम काढला त्याची कुचेष्टा झाली होती. अपुऱ्या हस्तलिखितांवर 'खंडित' असा शेरा मारू नये, 'अपूर्ण' लिहावे, एवढाच तो हुकूम होता. कारण मी कोणाला सांगितले नाही. अपूर्ण वस्तू पुरी करता येते. खंडित झालेली आमच्याकडे नदीला जाते.

पुण्याच्या विद्वानांना हवे असलेले तुकडे असे नीरेत आहेत. माझ्या बाजूचा पुरावा मीच सोडला, हे त्यांनी खुशाल छापावे. त्यांना आणखी पुरावा हवा असेल तर अष्टमीला सांगवीला यावे आणि ऊन पाण्याचे तांबे घेऊन कोण कोण येते ते मोजावे. गेल्या वर्षी मी गेलो होतो. पोथी आता बायजाबाईंची पणती वाचते, तात्यांच्याच चालीवर. जन्माध्याय आला तेव्हा तिची नजर पानावर होती, पण ती वाचत नव्हती हे मी ओळखले. जवळ जाऊन पाहिले. माझी पाने लोण्याने पारदर्शक झाली होती, लाल पट्ट्या विरघळून गेल्या होत्या, आणि पहारेकऱ्याच्या बायकोच्या जागी हळदीने माखलेले एक भोक होते.

गावकऱ्यांनी माझे मत विचारले. देशाच्या ग्रंथालयाचा माजी प्रमुख काय सांगणार, याची त्यांना कल्पना होती. काचेची पेटी, औषधे, कुलूप. मी त्यांना सांगितले की आधी त्या मुलीकडून सबंध अध्याय लिहून घ्या, ती सांगेल तसा, छापील प्रत न उघडता. ते झाले की माझी पाने टोपलीत घाला आणि पालखी सजवा. टोपलीची एक कड मी धरीन. माझे गुडघे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, पण कार्तिकात सांगवीजवळ नीरेला पाणी तेवढेच असते.